सोशिक नव्हतीस तू

वैनी,

येईल त्याला दादा सांगतोय की तू कुणाला काही बोललीच नाहीस.

ओसरीत सतरंजी टाकली आहे. माणसं येतात, चपला काढतात, भिंतीला टेकून बसतात. मग कुणीतरी विचारतं, "एकदम कसं काय झालं हो?" दादा मान खाली घालतो. "काय सांगू, तिनं कळूच दिलं न्हाई. सगळं अंगावर काढलं. लय सोशिक होती." माणसं चुकचुकतात. एकजण म्हणतो, बायका सांगतच नाहीत ना, तीच तर अडचण आहे. दुसरा म्हणतो, अशी बाई आता बघायला मिळायची नाही. मग आतून चहा येतो.

काल चौकात तुझं बॅनर लागलं. तुझ्या लेकाच्या, महेशच्या लग्नातला फोटो, डोक्यावरून पदर, आणि खाली मोठ्या अक्षरात: मायाळू, मितभाषी, सोशिक. मितभाषी! दुकानाच्या गल्ल्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून त्याच्या सासऱ्याचा गुडघा कसा आहे ते विचारणारी तू! मी त्या बॅनरखाली उभी राहिले आणि रडायचं सोडून नुसती संतापले. मेल्यावर माणसाचं सगळं काढून घेतात हे माहीत होतं. तुझा तर आवाजच काढून घेतला यांनी.

म्हणून लिहायला बसलेय. या घरात खरं बोलायचं तर मला तूच होतीस आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

तू लग्न होऊन झरीला आलीस तेव्हा मी आठवीत होते. आईनं बजावलं होतं, वैनीला अहो-जाहो करायचं. महिनाभर केलं. मग एक दिवस मी शाळेतून पोट धरून घरी आले, ड्रेसला मागून डाग. आईनं बघितलं, मागच्या खोलीत नेलं, एक फडकं हातात दिलं आणि म्हणाली, "कुणाला सांगू नको." संपलं. आपण लिंगायत, आपल्यात विटाळ धरत नाहीत. गळ्यात लिंग असलेल्या बाईला कसला आलाय विटाळ, असं आई शेजारणींना मोठ्या अभिमानानं सांगायची, आणि तिची स्वतःची पूजा त्या दिवसांतही कधी चुकली नाही. देवाला चालत होतं. फक्त तोंडानं बोललेलं घराला चालत नव्हतं.

मला वाटलं होतं, मी मरणार. तू आत आलीस, माझ्यापुढं फरशीवर बसलीस आणि पोटात पिशवी कुठं असते, रक्त कशामुळं येतं, किती दिवस येईल, सगळं सांगितलंस. मी म्हणाले, "वैनी, हळू बोला, आईला ऐकू जाईल." तू म्हणालीस, "जाऊ दे की. त्यांना काय ठाऊक न्हाई व्हय?" मला रडता रडता हसू आलं. त्या दिवसापासून तू माझी 'तू' झालीस.

दुकानात दादा पॅडचा पुडा कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून द्यायचा. पोरी तो दप्तरात कोंबून पळायच्या. गल्ल्यावर तू बसायला लागलीस आणि कागद बंद झाला. "बिस्किटाचा पुडा गुंडाळून देतो का आपण?" असं तू दादाला भर गिऱ्हाइकात विचारलं होतंस. दादा चिडला. म्हणाला, दुकानाची अब्रू जायलीय. तू म्हणालीस, "अब्रू जात नसती, मालच जायलाय की पहिल्यापेक्षा." पुढं पोरी फक्त तू बसलेली असतानाच यायच्या आणि सामान घेऊन झालं तरी रेंगाळायच्या. काहीतरी विचारायचं असायचं त्यांना.

मला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली तेव्हा सगळे पेढे मागत होते. तू विचारलंस, "दिवसभर गाडीवर, मग लघवीला कुठं जातीस?" मी म्हणाले, जातच नाही, पाणीच पीत नाही ड्यूटी संपेपर्यंत. तेव्हा मला आग व्हायची, थंडी वाजून ताप यायचा, आणि मी दुकानातून नुसत्या तापाच्या गोळ्या घेत होते. तू माझ्यावर अशी ओरडलीस की बाहेर गिऱ्हाईक थांबलं. "गाडी बिघडली की थांबवताव ना रस्त्यात? मग तू काय गाडीपेक्षा हलकी हाईस का?" दुसऱ्या दिवशी भरलेल्या गाडीत, एका गावाच्या थांब्यावर, मी ड्रायव्हरकाकांना म्हणाले, "काका, पाच मिनिटं थांबा, मला लघवीला जायचंय." काकांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "जा माय, सावकाश ये." मी खाली उतरले, तर मागून चार बायाही उतरल्या. जिंतूरपासून त्याही कळ काढून बसल्या होत्या.

हे मी तुझं देणं लागते वैनी, असं कधी बोलून दाखवलं नाही. तुला चाललं नसतं. आभार मानणाऱ्या माणसाला तू लगेच कांदे निवडायला बसवायचीस.

आणि या बाईला सोशिक म्हणतात.

तुझी पाळी जाऊन बरेच दिवस झाले होते. मग पुन्हा लाल जायला लागलं. मी त्या दिवशी सुट्टीला झरीला आले होते. जेवायला बसलो होतो, मी, दादा, महेश. आई खाटेवर. तू भाकरी वाढता वाढता म्हणालीस, "अहो, बंद झालेली पाळी पुन्हा सुरू झाल्यासारखं व्हायलंय. रक्त जायलंय. कंबर लय दुखायलीय. मला दवाखान्यात न्या."

दादाचा हात ताटातच थांबला. "महानंदा, जेवताना काय बोलावं काय न्हाई, काही कळतं का तुला?"

"मग कवा बोलू? सकाळी तुमी दुकान उघडायलाव, दुपारी झोपायलाव, संध्याकाळी गिऱ्हाईक. जेवतानाच तेवढे घावताव."

"उष्णता झाली असंल. धन्याचं पाणी पी."

खाटेवरून आई म्हणाली, "या वयात व्हतंच तसं. आमी न्हाई का सोसलं? तोंडातून ब्र काढला न्हाई कधी."

महेश ताट अर्धं टाकून उठला. मोठा झालेला पोरगा, त्याला शरम वाटली. तू त्याला तसं सोडलं नाहीस. हात धुवायला गेला तिथं जाऊन म्हणालीस, "महेश, बापाला वेळ न्हाई, तू ने मला." तो नळाकडं तोंड करून म्हणाला, "आई, हे तुझ्या सुनेला सांग ना, पूजाला. मला काय सांगतीस." तू म्हणालीस, "तू कुठून आलास मग? ज्या पिशवीतून आलास तिचंच सांगायलेय." तो गाडीला किक मारून निघून गेला.

मागच्या दारी भांडी घासताना मी तुला म्हणाले, यांच्या नादी लागू नको. उद्या माझ्यासोबत परभणीला चल. दादाला सांगू, माझ्याकडं भिशीचा कार्यक्रम आहे. मी तुला बाई डॉक्टरला दाखवते, कुणाला कळायचं नाही. तू राखेचा हात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलंस.

"चोरून?"

"चोरून म्हण नाहीतर काय पण म्हण. इलाज झाल्याशी मतलब."

"मी काय पाप केलंय का मंगलताई? दुखणं हाय. मी माझ्या घरातून, माझ्या माणसाला सांगून जाणार. आज मी भिशीचं नाव करून गेले, तर उद्या पूजा बी तसंच करंल. तिची लेक बी. किती दिवस बायांनी भिशीच्या नावानं दवाखान्यात जायचं?"

मी म्हणाले, हे बोलायला बरं आहे, पण रक्त थांबायचं नाही याच्यानं. तू म्हणालीस, "त्यांना ऐकावं लागंल." आपलं हे भांडण तिथं सुरू झालं आणि ते कधीच मिटलं नाही. त्या हिवाळ्यात प्रत्येक सुट्टीला मी तुला तेच म्हणायचे आणि तू तेच उत्तर द्यायचीस. मला तुझा राग यायचा. आजही येतो.

शेवटी तुझ्या बोलण्याला बेजार होऊन दादा तुला घेऊन गेला, एका खाजगी डॉक्टरकडं. तूच मला नंतर सगळं करून दाखवलंस, डॉक्टरच्या आवाजासकट. डॉक्टरनं दादाला विचारलं, "काय होतंय यांना?" दादा म्हणाला, "अशक्तपणा हाय." तू मधेच म्हणालीस, "अशक्तपणा न्हाई डॉक्टरसाहेब, रक्त जायलंय. पाळी बंद झाल्यावर." डॉक्टरनं पुन्हा दादाकडंच बघून विचारलं, "किती दिवसांपासून?" दादाला काय माहीत! तो तुझ्याकडं बघायला लागला. तपासलं नाहीच. रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "झालं समाधान?" हे सांगताना तू हसत होतीस. मी हसले नाही.

आणि तो कार्यक्रम. तो तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. गावात महिलांच्या आरोग्याचा मेळावा होता. मंडप, खुर्च्या, मागं मोठ्या अक्षरात 'मैत्रिणींनो, बोलत्या व्हा'. मी मुद्दाम सुट्टी टाकून आले होते. शहरातून आलेल्या बाईंनी लांबलचक भाषण केलं. आपल्या भगिनी बोलत नाहीत, लाजतात, दुखणं लपवतात, आणि मग फार उशीर होतो. असं म्हणून त्यांनी विचारलं, "आहे का इथं कुणी, जी आज मन मोकळं करेल?"

तू उठलीस. पदर खोचलास. सगळ्या गावासमोर म्हणालीस, "मी बोलते. माझी पाळी जाऊन लय दिवस झाले. आता पुन्हा रक्त जायलंय, वास येतोय, कंबर धरली की सोडत न्हाई. घरात सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. कुणी तपासलं न्हाई. आता मला सांगा, मी कुठं जाऊ?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मागं उभ्या असलेल्या पुरुषांपैकी कुणीतरी खोकलं. त्या बाईंचा चेहरा पडला. त्या माईकपासून तोंड बाजूला करून म्हणाल्या, "मावशी, हे आपण नंतर वैयक्तिक बोलू या हं. आता सत्कार राहिलेत." मग सत्कार झाले. नारळ, शाली, फोटो. तू मंडपाच्या कडेला उभी राहिलीस. कार्यक्रम संपला आणि त्यांची गाडी निघून गेली.

घरी येताना रस्त्यात तू काहीच बोलली नाहीस. तुला गप्प बघितल्याचा तो माझ्या आठवणीतला पहिलाच दिवस. दुकानाजवळ आल्यावर म्हणालीस, "बोलायला सांगत्यात, ऐकायचं कुणी शिकलं न्हाई." घरात मेळाव्याची बातमी आपल्या आधी पोचली होती. दादा म्हणाला, "सगळ्या गावात अब्रू वेशीला टांगलीस." आठ दिवस तो तुझ्याशी बोलला नाही. तेव्हा मात्र त्याला गप्प राहायला छान जमलं.

त्यानंतरच्या सोमवारी मी जिंतूरहून गाडी घेऊन येत होते. झरीच्या थांब्यावर तू उभी. कुंकू, नवी साडी, हातात पिशवी. चढलीस आणि म्हणालीस, "एक परभणी." मी विचारलं, "घरी?" तू म्हणालीस, "सांगून आलेय. म्हणले, तुमी येत नसाल तर मी चालले. पूजा येते म्हणली होती, पण लेकरू तापलंय." पुढच्या सीटवर आपल्याच गल्लीतला एकजण बसला होता. त्यानं सहज विचारलं, "आज कुणीकडं वैनी, बाजारला व्हय?" तू जागेवर बसत म्हणालीस, "न्हाई भाऊ, दवाखान्यात. अंगावरून जायलंय, दाखवायला चाललेय." तो खिडकीतून बाहेर बघायला लागला तो परभणीपर्यंत. पण मागच्या सीटवरची एक बाई, ओळख ना पाळख, उठून तुझ्याशेजारी येऊन बसली आणि हळूच काहीतरी विचारायला लागली. मी तिकीट काढत काढत बघत होते. त्या बाईलाही तू दवाखान्यात घेऊन गेलीस हे मला नंतर कळलं.

ड्यूटी संपवून मी दवाखान्यात पोचले तेव्हा तुझा नंबर आला होता. तिथल्या लेडी डॉक्टरनं तुला पहिल्यांदा तपासलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. तपासून झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले. मग म्हणाल्या, "एवढे दिवस कुणाला सांगितलं नाहीत का हो?"

तू माझ्याकडं बघितलंस. डॉक्टरांची काही चूक नव्हती, त्यांनी चांगल्या मनानं विचारलं होतं. तू म्हणालीस, "सांगायचं कुणाला राह्यलं, ते सांगा." एवढंच. मला तिथं भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. पसरलेला. पुढं संभाजीनगर, तुकडा काढून तपासणी, रेडिएशनचा शेक, सलाईन, पुन्हा शेक.

दादा आला. हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर मीही त्याच्यासारखीच अर्धं सांगणारी होईन. त्यानं दुकान महेशवर टाकलं आणि तुझ्या कॉटखाली चटई टाकून झोपला. तुझे पाय चेपले, तुझी उलटी पुसली. एकदा जिन्यात रडताना मी त्याला बघितलं. तुझ्यावर त्याचं प्रेम होतं यात मला शंका नाही. पण त्याला तुझं ऐकू यायला आधी कागदावर कॅन्सर लिहून यावा लागला. कुणा पुरुषाच्या सहीचा कागद असता तर आणखी लवकर ऐकू आलं असतं, असं वाईट काहीतरी माझ्या मनात येतं. येऊ दे. आज मी मनाला आवरणार नाही.

राउंडला आलेले एक तरुण डॉक्टर तुझी फाईल बघून म्हणाले, "पेशंटचे नातेवाईक कोण? जरा बाहेर या." दादा उठला. तू उशीवरून हात वर केलास. "मी हाय की नातेवाईक. माझ्याइतकी जवळची दुसरी कोण हाय मला? काय ते हितंच सांगा." ते डॉक्टर स्टूल ओढून तुझ्यापाशी बसले. सगळं तुला सांगितलं. किती पसरलंय, काय होईल, काय होणार नाही. तू ऐकून घेतलंस. म्हणालीस, "बरं झालं. आता ठाऊक झालं." वॉर्डातल्या बाकीच्या बायका कान देऊन ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या आजीनंही डॉक्टरला पकडलं, म्हणाली, माझं बी मलाच सांगा.

मी एका दुपारी तुझ्यापाशी बसले होते. तुझे केस गळत नव्हते, पण तू इतकी वाळली होतीस की गळ्यातली लिंगाची डबी तुझ्या अंगापेक्षा जड वाटत होती. माझ्या तोंडून निघालंच, "वैनी, त्या पहिल्या वेळी माझ्यासोबत आली असतीस तर?" तू डोळे मिटूनच म्हणालीस, "आता नको. मला दम न्हाई भांडायला. घरी गेलो की भांडू."

घरी आलीस, पण भांडायला नाही.

खरं कुणाचं होतं वैनी? मी म्हणते, माझंच. भिशीचं खोटं नाव सांगून तू जगली असतीस. आज दुकानात बसून मला शिव्या दिल्या असत्यास. तू म्हणाली असतीस, "मी जगले असते, पण पूजाचं काय?" यावर मला उत्तर देता येत नाही म्हणून मी चिडते. मला तू पाहिजे होतीस. तुझं खरं असणं मला नको होतं. हे सांगायचं राहून गेलं.

तुला शेताच्या कडेला समाधी दिली. बसवून, हातात तुझंच लिंग देऊन. स्वामी मंत्र म्हणत होते, बायका विभूती लावत होत्या, आणि मला एकसारखं वाटत होतं की आता तू डोळे उघडून विचारशील, एवढी गर्दी जमलीय तर कुणाला काय विचारायचंय का.

तेव्हापासून घरात दोन बैठका चालल्यात. ओसरीत पुरुषांची, आत बायकांची. आत येणारी प्रत्येक बाई माझ्या कानाला लागून काहीतरी सांगते. वैनींनी मला दवाखान्यात पाठवलं. वैनींनी माझ्या छातीतली गाठ दाखवायला लावली, लवकर सापडली म्हणून बचावले. वैनी माझ्या नवऱ्याला दुकानात बसवून बोलल्या. तू शेवटचे महिने अंथरुणावर होतीस तरी पोरी खिडकीशी येऊन बसायच्या, हे पूजानं सांगितलं. आतल्या खोलीत तू अजून बोलतेयस. फक्त मधली भिंत ओलांडून ओसरीत गेलं की तू मुकी होतेस.

परवा दुपारी ओसरी रिकामी झाल्यावर मी दादासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "दादा, तिनं सांगितलं होतं."

"हळू बोल."

"जेवताना सांगितलं. माझ्यासमोर सांगितलं. मांडवात उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं. ज्या माणसांनी ते ऐकलं तीच माणसं इथं बसून मान डोलवायलीत."

तो सतरंजीचा धागा ओढायला लागला. मग म्हणाला, "मग मी काय सांगू मंगल? तिनं सांगितलं अन् मी ऐकलं न्हाई, असं सांगू?"

"हो. तसंच सांग."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. मला त्याची कीव आली आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला. मी आत गेले.

आई खाटेवर बसून होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला जवळ बसवलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि एकदम म्हणाली, "माझं बी अंग बाहेर येतंय."

मला आधी कळलंच नाही.

"उठताना, बसताना. खोकलं की येतंय. हातानं आत सारावं लागतंय. लघवीला त्रास व्हतोय."

"किती दिवसांपासून, आई?"

"तुझ्या वक्तापासून. तू झालीस तवापासून."

माझं वय आहे तेवढं तिचं दुखणं. मी जन्मल्यापासून ती माझ्यासमोर चालली, वाकली, पाणी भरलं, आणि मला माहीत नाही. मी विचारलं, "कुणालाच सांगितलं नाहीस?"

"महानंदाला सांगितलं व्हतं. तिला धुण्यात दिसलं. लय मागं लागली, चला म्हणून, घरात सांगा म्हणून. मीच तिला शपथ घातली, कुणाला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

वैनी, तू मलासुद्धा सांगितलं नाहीस. स्वतःचं सगळ्या गावाला सांगितलंस आणि आईचं आपल्या पोटात ठेवलंस, कारण ते तिचं होतं. त्याच आईनं खाटेवरून तुला म्हटलं, आमी न्हाई का सोसलं. तेव्हा तू एका शब्दानं तिला उलटून बोलू शकली असतीस. मी तिथंच होते. तू भाकरी वाढत राहिलीस.

आई माझा हात धरून म्हणाली, "मला घेऊन चल. तुझ्या दादाला, शिवाला काही सांगू नको. चार दिस तुझ्याकडं राहायला चाललेय म्हण."

'चल' म्हणायला मी तोंड उघडलं होतं. आयुष्यभर मी हेच तर म्हणत आलेय. पण तोंडून शब्द वेगळेच आले. "मी काही सांगणार नाही आई. तुझं दुखणं आहे. सांगायचं असेल तर तू सांग." ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मीच तिला मारलंय. रात्री जेवली नाही. मीही तिला समजावलं नाही. मला खात्री होती की ती सांगणार नाही.

आज सकाळी जिंतूरचे व्यापारी आले, दादाचे जुने ओळखीचे, सोबत गावातली चार माणसं. बसले. मग त्यांनी विचारलं, "वहिनींचं एकदम कसं काय?" दादानं मान खाली घातली. "काय सांगू, तिनं कळूच..."

"सांगितलं व्हतं तिनं."

आई दारात उभी होती. चौकट धरून, डोक्यावरून पदर घेऊन. या बाईनं आयुष्यात पुरुषांच्या बैठकीत पाऊल टाकलं नव्हतं.

"तुला बी सांगितलं, मला बी सांगितलं. मी म्हणले सोस, अन् तू ऐकलं न्हाईस. खोटं सांगू नको मेलेल्या लेकराबद्दल." तिचा श्वास मला आतपर्यंत ऐकू येत होता. "अन् आता मी सांगायलेय. माझं अंग बाहेर येतंय, शिवा. लय वर्षं झाली. मला दवाखान्यात ने."

जिंतूरचे व्यापारी आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. दादाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं, आता म्हणेल, माणसांत काय बोलावं काही कळतं का. त्याचे ओठ हललेही.

पण तो उठला. पाहुण्यांना म्हणाला, "तुमी बसा, आईला दवाखान्यात नेऊन येतो." महेशला हाक मारून गाडी काढायला सांगितली आणि आईच्या हाताला धरलं.

एवढंच होतं ते, वैनी. नुसतं उठायचं होतं.